शुक्रवारची गोळी

तार्तूत आज उणे एकोणीस.
एमायोगी या काठापासून त्या काठापर्यंत गोठलीय,
आणि आम्ही ऊब म्हणून शीतखोलीत शिरतो:
तिथे चार अंश, बारा महिने.

वाइके आधीच आत. लोकरीच्या टोपीत कान झाकलेले,
हातमोज्यांची टोकं कात्रीने उडवलेली.
रात्रभर हललेल्या फ्लास्कांमधलं यीस्ट
पावाच्या भट्टीसारखं दरवळतंय.
पेशींच्या भिंती विरघळवून झाल्या;
आता काचेच्या नळीत काचेचा दट्ट्या,
वर, खाली. ती पुटपुटत मोजते,
युक्स, काक्स, कोल्म,
आणि पंधराला थांबते.
चौदावर थांबलं तर अर्ध्या पेशी तशाच,
सोळावा पडला तर मायटोकॉन्ड्रियाच फुटतात.
हे कुठल्या वहीत लिहिलेलं नाही.
यासाठी यंत्र आलं होतं दोन वर्षांपूर्वी.
खोक्यातच आहे. त्यावर आम्ही चहाचे कप ठेवतो.

तळाशी उरतो काकवीच्या रंगाचा थर.
मऊ कुंचल्याने ती तो उठवते,
झोपलेल्या बाळाच्या गालावरची पापणी टिपावी तसा.

मग प्रथिनाची पाळी.
त्याच्या डोक्याला पत्ता चिकटलेला असतो,
वीस-तीस अमिनो आम्लांचा.
दार इतकं चिंचोळं की घडी मोडल्याशिवाय
आत जाता येत नाही; सगळं उसवून, दोरा होऊन
नेढ्यातून ओवलं जायचं.
आत डोकं पोचलं की पत्ता कापतात.
त्याची गरज संपलेली असते.

माझा प्रयोग उलटा. मला ते अडकवायचंय.
मेथोट्रेक्सेट, फ्रिजची दुसरी फळी, पिवळी पूड:
जरासं घातलं की शेपटी मूठ आवळून बसते.
डोकं आत, शेपूट बाहेर.
अशी अडकलेली मोजली की दारं किती, ते कळतं.

दुपारी कॅन्टीनमध्ये, सुपाआधी,
वाइकेने पर्समधून डबी काढली.
सहा पिवळ्या गोळ्या. "शुक्रवार," म्हणाली.
डबीवरचं नाव मी वाचलं. परत वाचलं.
"सांध्यांसाठी. आठ वर्षं झाली.
ज्याने तुझ्या प्रथिनाची मूठ मिटते
त्याने माझी उघडते."
खांदे उडवून सुपात आंबट साय ढवळू लागली.
पेरं आल्याच्या गाठींसारखी.
मी हिशेब मांडायला घेतला:
पंधरा फटके, गुणिले आठवडे, गुणिले एकतीस वर्षं.
सूप निवत होतं. सोडून दिला.

महिनाअखेर ती निवृत्त होतेय.
कार्यालयाने दारावरची पाटी मात्र
आत्ताच काढून नेली, कुणाच्या तरी घाईने.
स्क्रूंची दोन भोकं उरलीत.
त्याच दाराने ती बर्फाच्या बादल्या आत-बाहेर करते.

सोमवारी अंधाऱ्या खोलीतून फिल्म आली.
वरची पट्टी पत्त्यासकट, खालची पत्ता कापलेली.
औषधाच्या रांगेत गंमत अशी
की पत्ता कापला गेलाय,
तरी शेपटीला बाहेरून कात्री लागते.
वाइकेने फिल्म खिडकीशी धरली,
मागे पांढरी छपरं, चर्चचा विटकरी मनोरा.
"झकास अडकलंय," म्हणाली. बराच वेळ धरून राहिली.
मग: "औषध धुऊन टाकलंस तर जाईल आत?"
"जाईल. ताकद उरली असली तर."
"ह्म्म. उद्या आठला ये."

आज दट्ट्या माझ्या हातात.
काच इतकी गार की तळव्याला चिकटते.
"मोज," ती म्हणते. मी व्होरूकडचा,
तोंडातून निघतं युत्स, कात्स,
आणि ती हसते, खेड्यातलं खेड्यातच बरं वाटतं म्हणे.
दहा. अकरा. आत काहीतरी
ढिलं होत चाललंय, हाताला कळतं, सांगता येत नाही.
चौदा.
पंधरा म्हणून झालं तरी माझा हात
आपसूक वर निघालाय,
आणि त्या सुजलेल्या बोटांनी
माझं मनगट घट्ट धरलंय.